छातीवर काय छापायचं?

एप्रिलमधली दुपार. जेवण अंगावर आलेलं, पंखा पाचावर, डोळा नुकता लागलेला. अशा वेळी आमची बेल वाजवणारे दोनच. एक कुरिअरवाला, दुसरा ज्याला निधनाची सूचना लिहून हवी असते तो. मी दोन्हींच्या तयारीने दार उघडलं. बाहेर तीन पोरं उभी होती. पुढे बारक्या.

बारक्या सहा फूट एक इंच आहे. तीन वर्षांचा असताना त्याने चाळीच्या कठड्याच्या गजांतून डोकं बाहेर काढलं आणि ते तिथेच अडकलं. "अरे, आधी त्या बारक्याला सोडवा!" असं कोणीतरी खालून ओरडलं आणि त्याचं बारसं झालं. पाळणा बांधून, घुगऱ्या वाटून केलेलं आधीचं बारसं फुकट गेलं. त्याचं खरं नाव आता फक्त बँकेला माहीत आहे.

"काका, एक नाव पाहिजे."

"वा! कधी? मुलगा की मुलगी?"

"बावीस जण आहोत, काका."

मी त्यांना आत घेतलं. प्रकरण असं होतं. आमच्या चाळीचा टॉवर झाल्यापासून लोक एकमेकांना फक्त लिफ्टमध्ये, तेही वर आकडे बघत भेटतात. त्याला अपवाद आयपीएलचे दोन महिने. पंधराव्या मजल्यावरच्या रेफ्यूज एरियात, म्हणजे आग लागली तर पळून जाऊन उभं राहायला ठेवलेल्या मोकळ्या जागेत, ही मंडळी चादर टांगून प्रोजेक्टरवर मुंबई इंडियन्सच्या मॅचेस बघतात. सेक्रेटरी दर मॅचला "ही जागा आपत्तीसाठी आहे" अशी नोटीस लावतात आणि टॉस झाला की स्वतः खुर्ची घेऊन येतात. यंदा या मंडळींना वानखेडेची अकरा तिकिटं मिळाली होती. अकरा तिकिटं, म्हणून बावीस टी-शर्ट. छपाईवाला संध्याकाळपर्यंत थांबायला तयार होता. रंग ठरला, साइज ठरल्या, पैसेही जमले होते. आमच्या सोसायटीत पैसे जमले म्हणजे काम ऐंशी टक्के झालं. उरलेले वीस टक्के म्हणजे छातीवर काय छापायचं.

"तुम्ही लेखक आहात ना," बारक्या म्हणाला.

सोसायटीत मी लेखक समजला जातो. माझं प्रकाशित साहित्य म्हणजे 'लिफ्टमध्ये थुंकू नये', चौथी आवृत्ती. मध्यंतरी 'पाणी जपून वापरा' हे दीर्घलेखनही केलं, पण ते कोणी वाचलं नाही असं टाकीवरून दिसतं.

"अरे, पण तुम्हाला नाव आहे की. पलटण."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं ते, मुंबईत समुद्र आहे हे मी त्यांना आज नव्याने सांगितल्यासारखं.

"काका, पलटण सगळेच आहेत. विरारवाले पलटण, पनवेलवाले पलटण, दुबईत बसून मोबाइलवर बघणारा तोही पलटण. त्यात आम्ही कुठे?"

मला हे पटलं. पलटण हा शब्द फौजेतून आलेला. आपल्या घरात मात्र तो मे महिन्यात आत्याकडे उतरणाऱ्या पोरांना लागतो: "आली का पलटण? आता आंब्याच्या पेट्या लपवा." मुंबई इंडियन्सच्या चाहत्यांनी तो घेतला तो या दुसऱ्या अर्थानेच घेतला असावा, कारण पहिल्या अर्थाची शिस्त काही दिसत नाही. २०२४ साली कप्तान बदलला म्हणून याच पलटणीने वानखेडेवर स्वतःच्याच नव्या कप्तानाची टॉसला अशी हुर्यो उडवली की माइक धरून उभ्या असलेल्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. खऱ्या पलटणीत याला बंड म्हणतात. वानखेडेवर याला प्रेम म्हणतात.

"संध्याकाळी मीटिंग ठेवा," मी म्हणालो. आयुष्यात केलेल्या चुकांची मी कधी यादी केली, तर हे वाक्य वरच्या पाचांत येईल.

आता लालबागमध्ये नाव ठेवायला मीटिंग लागावी, ही खरं म्हणजे शरमेची गोष्ट. आमच्याकडे नावांचा दुष्काळ कधीच नव्हता. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, तो बिचारा अजूनही केशवजी नाईक चाळीचाच गणपती आहे. त्याला कोणी राजा केला नाही. पुढे मात्र दर गल्लीला राज्याभिषेक झाला. गिरगावचा राजा निकदवरी लेनमध्ये, परळचा राजा नरे पार्कात, खेतवाडीत तर दर गल्लीगणिक वेगळं संस्थान. राजे संपले तेव्हा काळाचौकीला महागणपती झाला. चिंचपोकळीचा तर चिंतामणीच. १९२० सालचं मंडळ ते. त्याच्या आगमनाच्या दिवशी रस्ता दिसत नाही, दिसतात ते फक्त टी-शर्ट, आणि प्रत्येकाच्या छातीवर चिंतामणी. त्या दिवशी भायखळ्याहून परळला जायचं असेल तर आदल्या दिवशी निघावं.

लालबागेत तर दोन. गणेशगल्लीचं मंडळ १९२८ चं, त्यांचा 'मुंबईचा राजा'. चालत पाच मिनिटांवर १९३४ चा 'लालबागचा राजा'. म्हणजे शहराचा राजा गल्लीत आणि लालबागचा राजा जगभर प्रसिद्ध. हा फरक इथल्या शेंबड्या पोराला कळतो, बाहेरच्याला मरेपर्यंत कळत नाही. सांगलीहून आमचा एक आतेभाऊ दर्शनाला आला. मी त्याला रांगेची भीती घातली होती. दोन तासांत हसत परत आला. "उगाच बोंब मारता तुम्ही मुंबईवाले. एवढी काही रांग नाही." त्याला घेऊन मी गॅलरीत गेलो आणि कोणता राजा पाहिलास हे समजावून सांगितलं. त्याने गुपचूप पुन्हा चप्पल घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी आला, एका पायात चप्पल होती.

जाता जाता एक योगायोग सांगतो. १९३४ सालीच तिकडे न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्तोफर मॉर्ले या लेखकाने शेरलॉक होम्सच्या भक्तांचं मंडळ काढलं, 'बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स'. होम्सच्या गोष्टींत त्याच्यासाठी गल्लोगल्ली बातम्या काढणारी उनाड पोरं असतात, त्यांचं नाव. मोठमोठ्या चष्मेवाल्या माणसांनी ते आपल्याला लावून घेतलं. त्या पंथातही वाद आहेच. अमेरिकेतले भक्त स्वतःला 'शेरलॉकियन' म्हणवतात आणि इंग्लंडातले 'होम्सियन', म्हणजे एक नावाने हाक मारतो, दुसरा आडनावाने. गणेशगल्ली आणि लालबाग मार्केट हे तिथेही आहे हे वाचून मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी सात वाजता रेफ्यूज एरियात मीटिंग भरली. पाण्याच्या टाकीच्या गळतीसाठी बोलावलेल्या सभेला पाच माणसं होती, त्यात दोन प्लंबर. इथे एकतीस. बाविसांशिवाय जे आले ते "आम्ही घालणार नाही, पण नाव चुकीचं पडू नये" म्हणून आले. तिसऱ्या मजल्यावरचे सर आले. छत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेत. अजूनही भाजीवाल्याच्या पाटीवरचं 'मेथि' खडूने दुरुस्त करतात.

"लालबाग लायन्स," एकाने सुरुवात केली.

"डोळे तपासायचं शिबिर वाटतं."

"परळ पॉवर."

"लाइटबिल वाटतं. आणि आपण परळ नाही."

"वडापाव वॉरियर्स!"

यावर थोडी चलबिचल झाली. दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्यांनी वडा पावात घातला, त्याच्याशी आमचं नातं रक्ताचं आहे, कोलेस्टेरॉलसकट. पण बाहेरगावचे चाहते रोहित शर्माला चिडवायला हाच शब्द वापरतात, तो आपणच कसा लावून घ्यायचा? "का नाही?" एक मुलगी म्हणाली, "आपण लावून घेतला की त्यांच्याकडे चिडवायला काय उरेल?" हा मुद्दा त्या दिवशीच्या मीटिंगमधला सर्वांत शहाणा होता. त्यामुळे तो लगेच मागे पडला.

"गिरणगाव गँग."

सर ताठ बसले. "गँग नको. आम्ही इथे त्या काळात राहिलोय. रात्री बेल वाजली की कोण आहे विचारायची सोय नव्हती."

"पण सर, वानखेडेत नॉर्थ स्टँड गँग आहे की. सगळ्यांना आवडते."

"चर्चगेटला गँग म्हटलं की गंमत वाटते. इथे म्हटलं की पंचनामा."

मग 'भारतमाता बॉइज' आलं, आमच्या कोपऱ्यावरच्या टॉकीजवरून. हे जवळजवळ ठरलंच होतं. एवढ्यात सहाव्या मजल्यावरच्या ताईंनी शांतपणे विचारलं, "बावीसमध्ये बायका-मुली किती?" नऊ. "आणि प्रोजेक्टर कोणाचा?" ताईंचा. 'बॉइज' तिथेच रिटायर्ड हर्ट झाले.

"मावळे," मागून कोणीतरी म्हणालं.

एकदम शांतता पसरली. दोघांनी नकळत पाय चपलांतून काढले. नाव तर असं की विरोध करायचा कोणी? ताईंनीच तोंड उघडलं. "मला एक सांगा. टी-शर्ट दोन वर्षांनी कुठे जातो?"

कोणी बोलेना.

"आधी घरात घालायला. मग होळीला. मग?"

"लादी पुसायला," एकतीस माणसं एका सुरात म्हणाली. म्हणजे राजा, महाराजा, चिंतामणी, मावळा, ज्या कशापुढे आपण हात जोडतो ते सगळं एका फडक्याने बाद झालं. ज्याने लादी पुसली तर चालेल असंच नाव हवं, हा ठराव एकमताने संमत झाला. आमच्या सोसायटीच्या इतिहासातला पहिला.

"'लालबाग आर्मी' ठेवू या. आर्मी कुठेही चालते," कोणीतरी म्हणालं आणि मी उभा राहिलो. आर्मीबद्दल मला कौटुंबिक अनुभव आहे.

माझी मावशी गिरगावात राहते, मुगभाटात. वय ब्याऐंशी, कानाने अधू, बाकी खणखणीत. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला, "अरे, आपली धाकटी आर्मीत गेली. मी आत्ताच सगळ्या मजल्याला सांगून आले." नात अकरावीत होती. तिला झुरळाची भीती वाटते. मी संध्याकाळी गेलो तर गॅलरीत चार म्हाताऱ्या बसलेल्या, मधोमध मावशी, हातात पेढ्यांचा पुडा.

"कुठे पोस्टिंग?" एकीने विचारलं.

"ती म्हणते, कोरिया."

"इतक्या लांब? गोव्याला नाही मिळालं?"

नातीला बाजूला घेऊन विचारलं. तिने मोठ्या दयेने समजावलं, "काका, मी आर्मी आहे. आर्मीत नाही." दक्षिण कोरियात बीटीएस नावाची सात गाणाऱ्या पोरांची टोळी आहे. त्यांच्या चाहत्यांचं नाव २०१३ सालापासून 'आर्मी'. जगभर लाखो पोरी आर्मी आहेत आणि त्यांतली एक मुगभाटात दुसऱ्या मजल्यावर. मी मावशीच्या कानात ओरडून हे सांगितलं. तिला अर्धं कळलं. तेवढ्यात नात रडायलाच लागली. का? तर ती सातही पोरं एकामागून एक खरोखरच लष्कराच्या सक्तीच्या सेवेत चालली होती. कोरियात ते चुकत नाही.

मावशी माझ्याकडे वळली. "हिला आर्मीत नाही घेतलं म्हणून रडते का?"

"नाही गं मावशी. ही आर्मी आहे. ती पोरं आर्मीत गेली म्हणून आर्मी रडतेय."

मावशीने पेढ्यांचा पुडा बंद केला आणि म्हणाली, "तुला एक साधी गोष्ट नीट सांगता येत नाही. लहानपणापासून."

ही हकिगत ऐकून सभेने आर्मी मागे घेतली. दादरच्या माझ्या मित्राचीही गोष्ट सांगणार होतो. तो 'स्टार ट्रेक'चा वेडा, स्वतःला 'ट्रेकी' म्हणवतो. पण दादरमध्ये ट्रेक म्हणजे पाठीला सॅक लावून राजमाची. तीस वर्षं लोक त्याला "यंदा कुठला गड?" विचारतायत. त्यात त्याचे पंथबंधू 'ट्रेकी' म्हणायचं की 'ट्रेकर' यावरून भांडतात. तो ट्रेकर म्हणाला तर लोक सरळ दोरखंड मागायला येतील. पण सेक्रेटरींनी घड्याळ दाखवलं.

मग मी भाषण केलं. करायला नको होतं. मी म्हणालो, मुळात मराठी माणसाला असलं नाव लागतच नाही. आपल्याकडे एक 'चा' पुरतो. तू कोणाचा? मी चिंतामणीचा. तू? मी गणेशगल्लीचा. झालं. माझे आजोबा आयुष्यभर "आम्ही गंधर्वांचे" एवढंच म्हणायचे. शेजारचे अण्णा केशवराव भोसल्यांचे. त्या दोघांचं बोलणं बंद होतं. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव मुंबईत बालीवाला थिएटरात एकाच रंगमंचावर उभे राहिले, संयुक्त 'मानापमान'. भामिनी गंधर्व, धैर्यधर केशवराव. आजोबा सांगायचे, "मी तिथे होतो." अण्णाही सांगायचे, "मी तिथे होतो." पुढे मला गिरगावात जो म्हातारा भेटला तो त्या रात्री तिथे होता. एवढी माणसं बसायची तर थिएटर ठाकुरद्वारपर्यंत पसरलेलं असायला हवं होतं. आजोबा म्हणत गंधर्व जिंकले, अण्णा म्हणत केशवराव जिंकले. नाटकात भामिनी आणि धैर्यधराचं शेवटी लग्न होतं हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

"म्हणजे काका, टी-शर्टवर नुसतं 'चा' छापायचं?" बारक्याने विचारलं.

"टपरी वाटेल," सर म्हणाले.

सव्वानऊ वाजले. छपाईवाल्याचे चार फोन येऊन गेले. लोक हळूहळू एकमेकांच्या मूळ गावांवर येऊ लागले होते. म्हणजे मीटिंग संपायची वेळ झाली. आणि तेव्हा मला सुचलं.

"खडूस."

कोणी काही बोललं नाही. मग माझी बायको, जी फक्त मला जेवायला बोलवायला वर आली होती, म्हणाली, "अहो, स्वतःचं कशाला? त्यांचं नाव ठेवायचंय ना?"

पण ठिणगी पडली होती. मुंबईच्या क्रिकेटला सगळा देश खडूस म्हणतो. विकेट फेकायची नाही, कॅच सुटला तर हसायचं नाही, समोरच्याला पाणीसुद्धा मोजून द्यायचं. शिवी म्हणून दिलेला शब्द या लोकांनी शर्टाला बॅज लावावा तसा लावला. ४२ रणजी करंडक आहेत आपल्याकडे. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वर्षं दुसऱ्या कोणाला हातही लावू दिला नाही. एखाद्याला वाटलं असतं, एक वर्ष देऊन टाकू, बरं दिसत नाही. नाही दिला. याला म्हणतात खडूस. मी इंग्लंडच्या 'बार्मी आर्मी'चाही दाखला दिला. १९९४-९५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात संघ मार खात होता आणि हे लोक उन्हात नाचून गात होते, म्हणून तिथल्या पत्रकारांनी त्यांना वेड्यांची फौज म्हटलं. त्यांनी काय केलं? तिथल्याच दुकानात जाऊन ते टी-शर्टवर छापून घेतलं.

"लालबागचे खडूस!" बारक्या ओरडला. टाळ्या पडल्या. लादी पुसण्याच्या कसोटीलाही ते उतरलं. खडूसने लादी पुसायला कोणाची हरकत असणार? ताई म्हणाल्या, "उलट बरं वाटेल."

सरांनी हात वर केला. "डू दीर्घ. 'खडुस' छापलंत तर मी घालणार नाही."

"सर, तुम्ही तसेही घालणार नाही."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

डू दीर्घ, हे कागदावर लिहिलं, खाली दोनदा रेघ मारली. छपाईवाल्याला फोनवर तीनदा सांगितलं. नमुना उद्या पाठवतो म्हणाला. तो मंजूर कोण करणार? पुन्हा तेच. "काका लेखक आहेत."

दुसरा दिवस शनिवार. बायकोने मला मसाला कुटून आणायला पाठवलं. ज्यांना लालबागच्या मसाला गल्लीत एप्रिल-मेमध्ये उभं राहायचा योग आला नाही त्यांना सांगतो. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, सगळ्या मिरच्या भाजून डंक्यावर कुटायला घातलेल्या असतात. गल्लीच्या तोंडाशीच माणूस शिंकायला लागतो. डोंबिवलीपासून आलेल्या बायका तोंडाला पदर लावून स्टुलांवर बसलेल्या असतात, आपल्याच मिरचीवर नजर ठेवून, कारण दुसऱ्याची मिरची आपल्या मसाल्यात गेली तर वर्षभर आमटीत परका माणूस बसल्यासारखं वाटतं. माझा नंबर सतरावा होता. अकराव्या नंबरला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. चष्मा काढून खिशात घातला. बाराव्याला फोन वाजला. नमुना आला होता. निळ्या कापडावर सोनेरी काहीतरी दिसत होतं. मी मोबाइल नाकाजवळ नेला, लांब धरला, आणि एकाच अक्षराकडे पाहिलं. डू. दीर्घ होता. शेपूट चांगली लांब, गोल, सरांना अभिमान वाटावा अशी. एक शिंक आली, तिच्या धक्क्यातच मी अंगठा पाठवून दिला.

मंगळवारी गठ्ठा आला. बारक्याने पहिला टी-शर्ट काढून झटकला, छातीशी धरला आणि गप्प झाला.

छपाईवाल्याच्या कॉम्प्युटरवर मराठीचा कुठला तरी जुना फाँट होता. त्याने आमच्या 'ख'चे दोन तुकडे केले होते. र वेगळा, व वेगळा, मध्ये एक मुंगी जाईल एवढी फट. डू मात्र दीर्घ होता.

लालबागचे रवडूस.

बावीस.

"काका, तुम्ही ओके केलं होतं," बारक्या म्हणाला. रागाने नाही. त्यामुळे जास्त लागलं. मी छपाईवाल्याला फोन केला. त्याने मला माझाच अंगठा परत पाठवला.

सरांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता छत्तीस वर्षांचा हिशोब होणार. सर म्हणाले, "ऊकार अचूक आहे." आणि दार लावून घेतलं.

रविवारी मॅच. अकरांपैकी एकाला ताप आला. माझ्यावर प्रायश्चित्त म्हणून की दयेने ते माहीत नाही, तिकीट मला मिळालं. टी-शर्ट मात्र लार्ज उरला होता. मी लार्जमधून बाहेर पडून आता आठ-दहा वर्षं झाली. बाकीच्यांच्या अंगावर लांबून बघणाऱ्याला तो 'ख' वाटू शकत होता, संशयाचा फायदा घ्यायला जागा होती. माझ्या पोटावर र आणि व यांचा कायदेशीर घटस्फोट झाला होता.

वानखेडेत तीस-तेहतीस हजार माणसं सारखाच निळा घालून बसलेली. आम्ही अकरा जण मान खाली घालून शिरलो. दुसऱ्या ओव्हरला पुढच्या रांगेतल्या ठाण्याच्या एका मुलाने मागे वळून विचारलं, "दादा, रवडूस म्हणजे काय?"

बारक्या एक क्षण थांबला. माझ्याकडे पाहिलं. मग सहा फूट एक इंच सरळ उभा राहून म्हणाला, "रवडूस माहीत नाही? मग तू काय पलटण?"

तो मुलगा ओशाळला. शेजारच्याला विचारू लागला. शेजारच्याने "हां, ते लालबागचे" असं सांगितलं. चौथ्या ओव्हरला सिक्स गेला आणि बारक्याने सहज आरोळी ठोकली, "रवडूस!" दहाव्या ओव्हरला आमचा अख्खा स्टँड ओरडत होता. हे मान्य केलं पाहिजे, 'खडूस' घशात अडकतं. 'र-व-डूस'ला ठेका आहे. ढोल असता तर बसला असता. ठाण्याच्या मुलाने टी-शर्ट कुठे मिळेल विचारलं. ताईंनी त्याला "तो असा मिळत नाही" असं जे सांगितलं, त्यात पाच ट्रॉफ्यांचा माज होता.

मॅच हरलो. त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय.

चर्चगेटहून लोकल पकडली. पोरं पुढच्या डब्यात गेली, मला चौथी सीट मिळाली. समोर एक गृहस्थ बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत गवत, गवतातून हापूसचा वास. मरीन लाइन्सपर्यंत ते माझ्या पोटावरची अक्षरं वाचत होते. चर्नी रोडला धीर झाला.

"रवडूस... कोकणातलं का गाव?"

मी दमलो होतो. फाँट, डंका, शिंक, अंगठा, हे सगळं चर्नी रोड ते लोअर परळ यात बसण्यासारखं नव्हतं. "हो," मी म्हणालो.

"कणकवलीच्या पुढे ना?"

"थोडं पुढे."

"तरीच!" ते खूश झाले. "आमच्या वहिनींचं माहेर त्याच बाजूला. रवडुसातून गेलोय मी एस्टीने. देवळाजवळ मोठा पिंपळ आहे."

"आहे अजून."

"आणि काय हो," त्यांनी पिशवी मांडीवर सावरली, "यंदा आंबा कसा आहे तुमच्या रवडुसात?"

"मोहोर बरा होता," मी म्हणालो, "पण अवकाळी पावसाने मार खाल्ला."